इंग्लंडमधली जुनी घरं दाखवायचीत? सुरुवात बार्नपासून करा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. तुम्ही रेडिंगला राहता, आई-बाबा निफाडकडून जूनमध्ये तीन आठवडे येतायत, हातात तीन शनिवार-रविवार आहेत आणि खेड्यापाड्यांतली जुनी घरं, बार्न (शेतावरची जुनी मोठी कोठारं), बागा अशी दहा ठिकाणांची यादी हवीय. नॅशनल ट्रस्टचं (जुनी घरं आणि बागा जपणारी इथली संस्था) वर्षाचं सदस्यत्व घ्यावं का, हेही विचारलंय. आणि मग अगदी शेवटी, जाता जाता, लिहिलंय की मागच्या खेपेला दोन दिवसांत तीन महाल दाखवले आणि तिसऱ्या ठिकाणी बाबा गाडीतून उतरलेच नाहीत. "तेच ते झुंबर, त्याच त्या तसबिरी" म्हणाले.

खरा प्रश्न मला त्या शेवटच्या ओळीत दिसतो. दहा ठिकाणांची यादी कुणीही देईल. पण द्राक्षं आणि गहू पिकवण्यात आयुष्य गेलेल्या माणसाला परक्या देशातल्या श्रीमंतांची घरं का बघावीशी वाटावीत, याचं उत्तर यादीत नसतं. मी इथे तेवीस वर्षं राहते आणि त्यातली अकरा वर्षं दर शनिवारी एका जुन्या घरात स्वयंसेवक म्हणून उभी असते. कोपऱ्यात गळ्यात बिल्ला घालून एक बाई उभी असते ना, तीच मी. हजारो लोकांना खोलीत येताना-जाताना बघितलंय. कंटाळलेला माणूस दारातूनच ओळखू येतो: तो आधी छताकडे बघतो, मग दोरीकडे, मग बाहेर जायच्या दाराकडे.

त्यामुळे माझा सल्ला ठिकाणांपेक्षा क्रमाबद्दल जास्त आहे. आधी बार्न दाखवा, मग घर, आणि घरातही आधी स्वयंपाकघर. दिवाणखाना सगळ्यात शेवटी. बागेचा क्रम आई-बाबांच्या गुडघ्यांवर आणि आभाळावर सोडा.

कारण सांगते. इंग्लंडमधलं जुनं मोठं घर म्हणजे पैसा खर्च झाल्याची जागा. तो पैसा आला कुठून, हे बार्नमध्ये दिसतं. आपण पाहुण्याला नेमकं उलटं दाखवतो, आधी झुंबर आणि वेळ उरला तर गोठा. मग शेतकरी माणसाला सगळंच अधांतरी वाटतं. माझ्या वडिलांना मी पहिल्यांदा घेऊन गेले तेव्हा हीच चूक केली होती. वडील वाईचे, मेणवलीचा नाना फडणवीसांचा वाडा लहानपणापासून पाहिलेला. इथल्या सोनेरी छतांनी ते काही हलले नाहीत. पण दुसऱ्या दिवशी वाटेत सहज म्हणून ग्रेट कॉक्सवेलला गाडी थांबवली, तर हा माणूस पाऊण तास बाहेर येईना.

ग्रेट कॉक्सवेल रेडिंगहून गाडीने तासाभरावर, फॅरिंग्डन गावाजवळ आहे. बाहेरून बघाल तर चुनखडीच्या दगडाची, उतरत्या छपराची एक लांबच लांब इमारत. आत गेलात की मान आपोआप वर जाते. सुमारे ४६ मीटर लांब, १३ मीटर रुंद, आत ना मजला ना भिंत. ओकच्या खांबांच्या दोन रांगा, त्यांच्यावर तुळया, कैच्या, वासे आणि हे सगळं पेलतंय दगडी कौलांचं छप्पर. लाकडातली वर्षवलयं मोजून या बांधकामाचा काळ काढलाय, तो येतो १२९२ च्या आसपास. म्हणजे आपल्याकडे देवगिरीवर यादवांचं राज्य चालू असताना हे ओक तोडले गेले. मालक होते ब्यूली मठाचे सिस्टर्शियन या ख्रिस्ती पंथाचे साधू. (स्पेलिंग वाचून 'बोल्यू' म्हणाल तर कुणाला कळणार नाही. म्हणायचं 'ब्यूली'.) मठ तिकडे दूर हॅम्पशरमध्ये, शेती इकडे. एकोणिसाव्या शतकातला कवी आणि कलावंत विल्यम मॉरिस जवळच केल्म्स्कॉटला राहायचा आणि आपल्याकडे आलेल्या पाहुण्यांना हे बार्न दाखवायला आणायचा. एखाद्या कॅथीड्रलइतकं उदात्त, असं तो याला म्हणे.

बाबांना तिथे नेलंत की दोन गोष्टी दाखवा. पहिली, खांबांच्या तळाशी बघायला सांगा. लाकूड जमिनीला टेकत नाही, माणसापेक्षाही उंच दगडी चौथऱ्यांवर उभं आहे. आपल्याकडे वाड्यात खांबाखाली उथळा असतो, तो याच कारणासाठी: ओल वर चढू नये, लाकूड कुजू नये. फक्त इथला उथळा पुरुषभर उंच. वडिलांनी त्या दगडावर हात ठेवला आणि म्हणाले, "सुतार शहाणा होता." त्या दौऱ्यात त्यांनी केलेली ही पहिली स्तुती.

दुसरी गोष्ट समोरासमोरच्या दारांची. इंग्लिश बार्नला बहुतेक वेळा लांब बाजूंना अशी समोरासमोर दारं असतात आणि मधली जमीन मोकळी. ते खळं. बार्नला आपण कोठार म्हणतो खरं, पण ते अर्धंच बरोबर. इथे झोडपलेलं धान्य नाही, कापलेल्या पेंढ्या रचायचे. म्हणजे गंजी आणि खळं, दोन्ही एका छपराखाली. मग सगळा हिवाळा मजूर मधल्या जमिनीवर लाकडी दांडक्यांनी मळणी करायचे आणि दोन्ही दारं उघडून वाऱ्याच्या झोतात धान्य उफणायचे. आपल्याकडे सुगीनंतर आभाळ कोरडं, म्हणून खळं उघड्यावर, मध्ये तिवडा रोवून बैलांची पात फिरायची. इथे सुगीतही पाऊस, नंतरही पाऊस. म्हणून खळ्यावर छप्पर हवं, आणि एवढं मोठं हवं. हे नुसतं सांगितलं की निफाडचा माणूस उरलेलं स्वतःच सांगायला लागतो. माझ्या वडिलांनी तर तिथे आलेल्या दोन इंग्रज म्हाताऱ्यांना हातवारे करून उफणणी समजावली. भाषा कुणालाच येत नव्हती, पण सगळ्यांना कळलं.

जाता जाता एक दुरुस्ती. इथे कुठलंही मोठं जुनं बार्न दिसलं की लोक त्याला 'टाइद बार्न' म्हणतात. टाइद म्हणजे चर्चला द्यायचा उत्पन्नाचा दहावा हिस्सा, धान्याच्या रूपात. १८३६ च्या कायद्याने तो रोख रकमेत बदलला. पण ग्रेट कॉक्सवेल त्या अर्थाने टाइद बार्न नाही. ते मठाच्या स्वतःच्या शेतीचं बार्न आहे. ब्रॅडफर्ड-ऑन-एव्हनचं प्रसिद्ध बार्नही तसंच. ते शाफ्ट्सबरी मठातल्या जोगिणींच्या मालकीचं होतं, चौदाव्या शतकातलं, चौदा खणांचं. हो, खणच. इथेही इमारत दोन खांबांमधल्या अंतराच्या हिशेबात मोजतात, आपल्या वाड्यासारखीच. वाड्यात वाढलेल्या माणसाला "चौदा खणी" म्हटलं की मीटर-फूट सांगायला लागत नाहीत.

ब्रॅडफर्डचा फायदा असा की गाडी नसली तरी जाता येतं. बाथला गाडी बदलून रेल्वेने उतरायचं आणि नदीकाठाने दहा मिनिटं सपाट चालायचं. प्रवेश फुकट आहे. तुमच्याकडे गाडी आहे असं मी धरून चालतेय, पण एखादा दिवस तुम्ही कामावर आणि आई-बाबा घरी बसून कंटाळलेले असतील तर हा पर्याय लक्षात ठेवा.

मग घर कुठलं? इथे उत्तर परिस्थितीवर अवलंबून आहे, म्हणजे मुख्यतः बाबांच्या गुडघ्यावर. तुम्ही लिहिलंय की ते चालतात पण जिने नको म्हणतात. जिने अजिबात नको असतील तर पुढचा परिच्छेद सोडून द्या.

जिने चालत असतील तर माझी पहिली पसंती चॅसल्टन. कॉट्सवोल्ड्स टेकड्यांच्या कडेला, मोर्टन-इन-मार्शजवळ. वॉल्टर जोन्स नावाच्या वकिलाने १६०७ ते १६१२ या काळात हे घर बांधलं. घराण्याची मूळ कमाई लोकरीच्या व्यापारातली. पुढे इंग्लंडच्या यादवी युद्धात हे लोक हरणाऱ्या राजाच्या बाजूचे निघाले आणि पैसा गेला तो गेलाच. त्यामुळे झालं काय, की पुढच्या पिढ्यांना घर पाडून नव्या फॅशनचं बांधणं परवडलंच नाही. गरिबीने घर जपलं. १९९१ मध्ये नॅशनल ट्रस्टकडे आलं तेव्हाही त्यांनी चकचकीत करायचं नाही असं ठरवलं. पडझड थांबवली आणि बाकी होतं तसं ठेवलं. तुमच्या बाबांची "तेच ते झुंबर" ही तक्रार इथे लागू होत नाही. इथलं स्वयंपाकघर आईला नक्की दाखवा. त्याचं छत काजळीने काळंकुट्ट आहे, कारण ते साफ केलं तर घराण्याची लक्ष्मी जाईल अशी समजूत होती. आमच्या आजीची चुलीवरच्या माळ्याबद्दल अगदी हीच समजूत होती, त्यामुळे मला ते इंग्लंड वाटतच नाही. सगळ्यात वर एक लांबलचक दालन आहे, पावसाळ्यात घरातल्या घरात फेऱ्या मारायला बांधलेलं. पण तिथवरचे जिने चढे आहेत. गाडीतळही घरापासून थोडा दूर आणि चढावर आहे. आधी फोन करून बाबांना दारापाशी सोडता येईल का ते विचारा, ही माणसं मदत करतात. घर आठवड्यातले मोजके दिवस आणि दुपारीच उघडतं. चहाचं दुकान नाही.

दुसरा पर्याय तुमच्या घरापासून अर्ध्या तासावरचं बॅसिल्डन पार्क. मुख्य खोल्या इथेही पायऱ्या चढून वरच्या मजल्यावर आहेत, तेव्हा गुडघा कुरकुरत असेल तर आधी फोन करून विचारा. इथे मात्र दुसरंच प्रकरण आहे, आणि ते माहीत असल्याशिवाय जाऊ नका. हे घर फ्रान्सिस साइक्सने १७७६ पासून बांधायला घेतलं. साइक्स ईस्ट इंडिया कंपनीचा माणूस, मुर्शिदाबाद-कासिमबाजारला होता आणि बंगालमधून प्रचंड पैसा घेऊन परतला. अशा परतलेल्यांना इथे 'नबाब' म्हणत, आणि ते काही कौतुकाने म्हणत नसत. म्हणजे या घराचं बार्न बर्कशरमध्ये नाही, बंगालमध्ये आहे. मधाच्या रंगाचा दगड, ऐटदार खांब, समोर हिरवळ, सगळं सुंदर आहे, त्यात वाद नाही. मी स्वतः तिथे कित्येकदा जाते. पण पाहुण्यांना नेताना हे गाडीतच सांगून टाकते. ट्रस्टनेही २०२० मध्ये आपल्या मालमत्तांचे वसाहतींशी आणि गुलामगिरीशी असलेले संबंध तपासणारा अहवाल काढला, त्यात ९३ ठिकाणं होती. त्यावर इथे केवढा गदारोळ झाला! मला त्यात विशेष धक्का बसण्यासारखं काही वाटलं नाही. घर बघताना पैसा कुठून आला हे विचारायचं नाही, तर मग बघायचं तरी काय?

बॅसिल्डनची दुसरी बाजूही सांगते, कारण ती मला जास्त आवडते. विसाव्या शतकात हे घर ओसाड पडलं होतं. युद्धात सैनिक राहून गेले, तोडमोड झाली. १९५० च्या दशकात आयलिफ नावाच्या जोडप्याने ते विकत घेतलं आणि दुरुस्तीसाठी दारं, चुलाणं असं सामान शोधायला निघाले. लिंकनशरमधला पँटन हॉल तेव्हा पाडायच्या बेतात होता. योगायोग असा, की तिथेही बॅसिल्डनच्याच वास्तुकाराने, यॉर्कच्या जॉन कारने, काम केलेलं. तिथली दारं इथे आणून बसवली. आपल्याकडे पडक्या वाड्याचा दरवाजा काढून शेजारच्या गावात लावतात, तसंच की हे.

पाडलेल्या घरांचा विषय निघालाच आहे तर बार्नपाशी परत येऊ. विसाव्या शतकात या देशात हजाराहून जास्त मोठी घरं जमीनदोस्त झाली. लोक युद्धांना दोष देतात, वारसाकराला देतात (तो १८९४ ला आला), आणि दोन्ही खरं आहे. पण सुरुवात त्याआधीची. १८७० च्या दशकापासून रेल्वे आणि आगबोटींनी अमेरिकेतला स्वस्त गहू इथे येऊन पडायला लागला. गव्हाचा भाव कोसळला, जमिनीचा खंड कोसळला, आणि खंडावर उभी असलेली घरं हलायला लागली. आयात गव्हाने भाव पडणं म्हणजे काय, हे तुमच्या बाबांना समजावायची गरज नाही. निफाडच्या माणसाला उलट तुम्हीच विचारा, कांद्याचा भाव पडल्यावर पहिलं काय विकायला निघतं.

बॅसिल्डनला गेलात तर त्याच दिवशी स्टोक रो गाव जोडून घ्या, गाडीने वीस-पंचवीस मिनिटांवर. तिथे रस्त्याच्या कडेला सोनेरी घुमटाखाली एक विहीर आहे, महाराजांची विहीर म्हणतात. काशीचे महाराज ईश्वरीप्रसाद नारायण सिंह यांनी पैसे देऊन ती खोदवली आणि १८६४ मध्ये ती गावासाठी खुली झाली. खोली ३६८ फूट, सगळी हाताने खोदलेली. झालं असं की एडवर्ड रीड हा याच भागातला अधिकारी उत्तर हिंदुस्थानात होता. आपल्या गावाकडे उन्हाळ्यात पाण्याचे किती हाल होतात, घरातलं शेवटचं पाणी प्यायलेल्या पोराला आईने कसं बदडलं, हे त्याने महाराजांना सांगितलं होतं. महाराजांनी ते लक्षात ठेवलं. सकाळी बंगालच्या पैशाने बांधलेलं घर आणि दुपारी काशीच्या पैशाने खोदलेली विहीर. मी ज्यांना ज्यांना या क्रमाने नेलंय, ते घरी परतेपर्यंत बोलत होते. विहीर बघायला दहा मिनिटं पुरतात, पण तुमचे बाबा निफाडचे, ते पाण्याची पातळी, खडक, खोदाईची मजुरी असं सगळं विचारतील, तेव्हा अर्धा तास धरा.

रेडिंगजवळचंच स्ट्रॅटफील्ड सेही कुणी ना कुणी सुचवेल. १८०३ मध्ये जालन्याजवळच्या असईला शिंदे-भोसल्यांशी लढलेला वेलस्ली पुढे वेलिंग्टनचा ड्यूक झाला, त्याचं हे घर. मराठी माणसाला कुतूहल वाटणारच. पण ते वर्षातून मोजकेच दिवस उघडं असतं, तुमच्या तारखा जुळल्या तर जा, नाहीतर हळहळू नका.

आता घराच्या आत कसं वागायचं ते. माझा हा रोजचा विषय आहे, म्हणून दोन गोष्टी जास्त सांगते. खोल्या अंधाऱ्या का, हा प्रश्न मला दर शनिवारी येतो. वीज वाचवायला नव्हे. रेशीम, जुने गालिचे, जलरंग यांना उजेड खातो, आणि खाल्लेलं परत येत नाही. म्हणून पडदे अर्धे ओढून नाजूक वस्तूंवर साधारण ५० लक्सपेक्षा (लक्स हे उजेड मोजायचं एकक) जास्त उजेड पडू देत नाहीत. बाहेरच्या उन्हातून आत आल्यावर डोळे सरावायला दोन-तीन मिनिटं लागतात. आई-बाबांना तेवढा वेळ दारातच थांबवा, नाहीतर ते काहीच न बघता पुढे सरकतील. दुसरं, खुर्चीवर पाइनचं बोंड किंवा काटेरी फूल ठेवलेलं दिसलं तर तिथे बसायचं नाही. 'बसू नका' अशी पाटी लावण्यापेक्षा हे बरं दिसतं. पण बसायला चालणाऱ्या खुर्च्याही बहुतेक घरांत असतात. त्या कुठल्या ते आम्हाला विचारा. बाबांच्या वयाच्या माणसाने खुर्ची मागितली तर कुणालाही वाईट वाटत नाही. उलट, बसलेल्या माणसाशी गप्पा जास्त रंगतात.

आणि विचारा म्हणजे विचाराच. आम्ही फुकट उभे असतो ते बोलायला. "हे केवढ्याचं असेल?" या प्रश्नाला आम्ही हसून टाळतो. पण "या खोलीला सांभाळायला सगळ्यात अवघड काय?" असं विचारा, मग बघा. हिवाळ्यात घर बंद असताना आम्ही पुस्तकं एकेक करून घोड्याच्या केसांच्या मऊ ब्रशने झाडतो, वाळवीसारख्या किड्यांसाठी सापळे लावतो, छतावरची गटारं तपासतो. हे ऐकायला लोकांना तसबिरींपेक्षा जास्त आवडतं. भाषेची अडचण असेल तर तुम्ही दुभाषी व्हा, लाजू नका.

बागांबद्दल मी थोडक्यात आटपते, कारण जूनमध्ये इथे वाईट बाग शोधावी लागते. गुलाबांसाठी हॅम्पशरमधलं मॉटिसफाँट. जुन्या मठाची तटबंदीची भाजीबाग होती, तिथे १९०० पूर्वीच्या जातींचे गुलाब लावलेत. विटांची भिंत दिवसभर ऊन पिऊन रात्री ऊब सोडते, म्हणून इथल्या लोकांनी फळझाडं आणि नाजूक रोपं कायम भिंतीच्या कुशीत वाढवली. द्राक्षबागेच्या मांडवाची सवय असलेल्या डोळ्यांना भिंतीवर सपाट पसरवलेला नासपती बघायला मजा येते. साधारण जूनच्या मध्यावर बहर ऐन भरात असतो, आणि तेव्हा गर्दीही तेवढीच. सकाळी उघडताना जा. बहराच्या दिवसांत संध्याकाळी उशिरापर्यंत उघडं ठेवतात, मला ती वेळ जास्त आवडते. गुलाबाचा वास दुपारच्या गर्दीत मरतो.

एखादा दिवस कुणाच्याच बागेत गर्दी नको असेल तर ऑक्सफर्डशरमधलं राउशम. विल्यम केंट या वास्तुकाराने १७३० च्या दशकाच्या अखेरीस आखलेली बाग, अजून त्याच घराण्याकडे. ना दुकान, ना चहा. डबा घेऊन या, चालायला बरे बूट घाला, मग दिवसभर बाग तुमचीच, असा त्यांचा खाक्या आहे. पंधरा वर्षांखालच्या मुलांना प्रवेश नाही, म्हणून सोबत लहान मूल असेल तर राउशम वगळा. तिथे हिरवळ आणि कुरण यांच्यामध्ये एक खंदकवजा पडका बांध आहे. घरातून बघताना कुंपण दिसतच नाही, आणि लांब शिंगांच्या गायी थेट अंगणात चरतायत असं वाटतं. याला 'हा-हा' म्हणतात. बाबांना आधी काही सांगू नका. "गायी आत येत कशा नाहीत?" हे त्यांना स्वतः शोधू द्या.

पण आईसाठी माझा सगळ्यात आवडता पर्याय महाल-बिहाल काही नाही. नॅशनल गार्डन स्कीम नावाची एक योजना १९२७ पासून चालू आहे. साधी माणसं आपल्या घरची बाग वर्षातून एक-दोन दिवस लोकांना खुली करतात. पहिल्या वर्षी ६०९ बागा उघडल्या, माणशी एक शिलिंग. पैसे परिचारिका आणि आरोग्यसेवेच्या संस्थांना जातात. आता साडेतीन हजारांच्या आसपास बागा आहेत आणि जूनमध्ये तुमच्या पाच मैलांत एक तरी सापडेलच, रस्त्यावर पिवळी पाटी लावलेली. तिथे मालकीणबाई स्वतः भेटतात, घरी केलेला केक विकायला असतो, आणि शेणखत, गोगलगायी, गुलाबाची छाटणी यांवर तासभर गप्पा होतात. माझ्या सासूबाई इंग्रजीचा एक शब्द न येता तिथून पुदिन्याचं रोप घेऊन आल्या. ते अजून आमच्या अंगणात आहे आणि आवरत नाही.

सदस्यत्वाचा हिशेब असा. मी सुचवलेल्यांपैकी ग्रेट कॉक्सवेल, चॅसल्टन, बॅसिल्डन आणि मॉटिसफाँट ही नॅशनल ट्रस्टची. राउशम खासगी. ब्रॅडफर्डचं बार्न इंग्लिश हेरिटेज या दुसऱ्या संस्थेकडे, पण फुकट. सदस्यत्व माणसाच्या नावाचं असतं, गाडीचं नाही. तुमच्या दोघांच्या कार्डावर आई-बाबा आत जात नाहीत, त्यांचं तिकीट वेगळं. म्हणून आई-बाबांसाठी नव्हे, तुम्ही दोघं पुढे वर्षभर जाणार असाल तरच घ्या. चार-पाच भेटींत वसूल होतं असा माझा ढोबळ अनुभव आहे, त्यात गाडीतळाचे पैसे वाचतात ते वेगळेच. कुठलंही ठिकाण ठरवण्याआधी त्याच दिवसाची वेळ त्यांच्या संकेतस्थळावर बघा. मी एकदा चाळीस मैल गाडी चालवून एका घराच्या बंद फाटकासमोर डबा खाल्लाय. आदल्या दिवशी वेळ बघण्याचे कष्ट मी घेतले नव्हते. आणि तिकिटाच्या खिडकीवर 'गिफ्ट एड' विचारतील, म्हणजे तुमच्या पैशावरचा कर सरकारकडून संस्थेला मिळू द्यायचा का. ते इथे आयकर भरणाऱ्यांसाठी आहे. आई-बाबांच्या तिकिटाला नको म्हणा, साधं तिकीट घ्या.

खाण्याचं. तटाच्या आतल्या हिरवळीवर बसून आपला डबा खायला बहुतेक ठिकाणी हरकत नसते, त्यांच्या उपाहारगृहाच्या टेबलावर मात्र नको. दशम्या, चटणी, थालीपीठ न्या. बाबांनी स्कोन एकदा खाऊन बघावाच. अंडं चालत नसेल तर आधी विचारा, काही ठिकाणी वरून अंड्याचा हात फिरवलेला असतो. माझे वडील म्हणाले होते, "साखर घातलेली बाटी आहे. तूप कुठाय?"

म्हणजे एका दिवसात एकच मोठं ठिकाण, सोबत फार तर एक छोटं. पहिला शनिवार ग्रेट कॉक्सवेल, दुसरा बॅसिल्डन आणि विहीर, तिसरा चॅसल्टन किंवा मॉटिसफाँट, आभाळ बघून ठरवा. रविवार पिवळ्या पाटीवाल्या बागांसाठी आणि झोपेसाठी. दहा ठिकाणं होत नाहीत, मला माहीत आहे.

एक राहिलं. आई-बाबा हीथ्रोहूनच परत जाणार असतील तर विमानतळाला अगदी लागून हार्मंड्सवर्थ गाव आहे. तिथे १४२६ च्या सुमाराचं एक बार्न आहे, सुमारे ५८ मीटर लांब, ग्रेट कॉक्सवेलपेक्षाही लांब. जॉन बेटजमन या कवीने त्याला मिडलसेक्सचं कॅथीड्रल म्हटलं होतं. आत ओकचं रान, बाहेर जवळच सतत विमानांची ये-जा. एप्रिल ते ऑक्टोबर, महिन्याचा दुसरा आणि चौथा रविवार, असं ते उघडं असतं. परतीचं तिकीट अजून काढलं नसेल तर रविवार संध्याकाळचं मिळतंय का बघा. बॅगा गाडीत राहू द्या.